सतरा अंकी संख्येची कुळकथा

वाचकहो, आधी एक लहानसा उद्योग करा. कागदावर एक हा आकडा ओळीने नऊ वेळा लिहा. झाले अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आता या संख्येला तिनेच गुणा. उत्तर पाठ असेल तरीही गुणाकार करा. त्यात जी गंमत आहे ती उत्तरापेक्षा गुणाकारात अधिक आहे.

सुरगाण्याला मी गणित शिकवतो. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको की, जुलैमध्ये तास पुरा होईपर्यंत वीज टिकली तर ते भाग्यच. अशाच एका दिवशी संगणकाच्या खोलीत मुलांना मी हा गुणाकार करायला सांगितला. हिशेबाच्या तक्त्यांचा जो प्रोग्रॅम सगळीकडे वापरतात त्यात त्यांनी आकडे भरले. पडद्यावर उत्तर आले: १२३४५६७८९८७६५४३००. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. एक मुलगी मात्र लिहायची थांबली. दूरच्या पाड्यावरून येते, फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "सर, एकाला एकानं गुणलं तर शेवटी एकच यायला पाहिजे ना? इथं शून्य कसं?"

मुलगी बरोबर होती आणि यंत्र चुकत होते. चुकत होते म्हणण्यापेक्षा त्याची ओंजळ लहान होती म्हणू या. तो तक्ता संख्येचे पहिले पंधरा अंक तेवढे खरे धरतो आणि पुढे शून्ये मांडतो. आपले उत्तर सतरा अंकी, म्हणून शेवटचे दोन अंक सांडले. आपल्याकडे नवाचा ताळा म्हणून जुनी युक्ती आहे, तिनेही ही लबाडी तात्काळ उघडी पडते. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणजे मूळ संख्येला नवाने भाग जातो. मग तिच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. पडद्यावरच्या आकड्यांची बेरीज येते ७८. अठ्ठ्याहत्तराला नवाने भाग जात नाही. संपला वाद.

इतक्यात वीज गेली आणि आम्ही फळ्याकडे वळलो. नऊ ओळी मांडल्या, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. मग उजवीकडून स्तंभ मोजू लागलो. पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे चढत चढत मधल्या स्तंभात नऊ. तिथून पुन्हा आठ, सात, सहा, आणि शेवटी डावीकडच्या टोकाला एक. हातचा कुठेच नाही. उत्तर:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकावरून नवापर्यंत चढणारी आणि आल्या वाटेने उतरणारी अशी ही संख्या. घाट चढून पलीकडे उतरावा तशी, असे एक मुलगा म्हणाला. सुरगाण्याच्या मुलाला दुसरी कोणती उपमा सुचणार!

ही संख्या मोठी किती? आमच्या मुलांच्या आजोबांनी नागली आणि भात पायलीने मोजले. सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पुष्कळ म्हणायचे तर खंडीभर म्हणावे, त्यापुढे मोजायची वेळ कुणावर येत नसे. पण जुन्या पोथ्यांतून स्थानांची नावे थेट परार्धापर्यंत आहेत. परार्ध हे अठरावे स्थान. आपली संख्या त्याच्या एकच पायरी खाली, सतराव्या स्थानी, म्हणजे 'मध्य' या स्थानी सुरू होते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आणि मग आपल्या ओळखीच्या मुलखात उतरत उतरत एककाच्या घरी एक. मोठ्याने म्हणून पाहा, जिभेलाही घाट लागतो.

आता हिच्या कुळाकडे वळू. या घराण्यातील एका धाकट्या बहिणीची नोंद अकराशे वर्षांहून अधिक जुन्या ग्रंथात सापडते. महावीराचार्य हे जैन गणिती राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातले. इसवी सन ८५० च्या सुमारास त्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. (हा ग्रंथ एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासला छापून आणला, म्हणून तुमच्या-माझ्या हाती तो लागू शकतो.) त्यात गुणाकाराच्या प्रकरणात एक उदाहरण आहे: २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर येते १२३४५६५४३२१. हे उत्तर आचार्यांनी आकड्यांत दिलेले नाही. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी अशी ती संख्या, असे तिचे वर्णन केले आहे. आता ४४१ म्हणजे २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग. २१ गुणिले ५२९१ बरोबर १११११११ नव्हे, त्यात एक एक कमी, सहाच: १११११১ असे घाईत लिहून मोजण्यात चूक होते, म्हणून शब्दांत सांगतो, एक लाख अकरा हजार एकशे अकरा. तेव्हा आचार्यांनी सहा एकांचा वर्गच दोन कोड्यांत फोडून शिष्यांपुढे टाकला होता. उदाहरण रुक्ष न वाटता उत्तर पाहून मुलाचा चेहरा उजळावा, ही काळजी नवव्या शतकातल्या शिक्षकालाही होती तर!

आणि हे राष्ट्रकूट काही आपल्याला परके नाहीत. अमोघवर्षाचा बाप तिसरा गोविंद याचे ताम्रपट आमच्या शेजारच्या दिंडोरी तालुक्यात वणीला मिळाले आहेत. ते ज्या मयूरखंडीहून दिले गेले ती मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगीसमोरचा मार्कंड्या डोंगर, असे काही विद्वानांचे मत आहे. नाशिकहून सुरगाण्याला येताना वणीवरून आलात तर हे डोंगर दिसतात. महावीराचार्यांचा आमच्या डोंगरांशी काही संबंध होता असे मात्र मी म्हणत नाही. ओढून ताणून नाते जोडण्याची हौस इतिहासात फार, ती इथे नको.

खरे नाते आहे ते पुढच्या माणसाशी. त्याच्यासाठीच हा सगळा प्रपंच.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ साली गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली बी. एस्‌सी. झाले आणि त्यापुढे कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत, म्हणजे निवृत्त होईपर्यंत, ते आमच्याच जिल्ह्यात देवळालीला शाळामास्तर होते.

मुंबईपासून तीसेक मैलांवर जी. आय. पी. रेल्वेचे एक स्थानक होते. त्याचे नाव त्या काळी डेम्लो असे सांगितले जाई. आजची डोंबिवली ती हीच. त्या स्थानकावर कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असेच नाव देऊन टाकले. गणितात संख्यांना राजांची, ऋषींची, साहेबांची नावे मिळतात. रेल्वे स्थानकाचे नाव देणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

डेम्लो संख्या म्हणजे काय? संख्येचे तीन तुकडे करा: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा मिळवले की मधल्या तुकड्याचाच अंक पुन्हा पुन्हा यावा. १६५ घ्या. एक आणि पाच मिळून सहा, आणि मध्ये सहाच. २५५३ घ्या. दोन आणि तीन पाच, मध्ये पाचांची जोडी. आता आपली सतरा अंकी संख्या कापा: १२३४५६७८, मध्ये ९, आणि ८७६५४३२१. दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९. सगळे नऊच! महावीराचार्यांची संख्या कापा: १२३४५ आणि ५४३२१ मिळून ६६६६६, मध्ये सहा. जिचा शोध नवव्या शतकात लागला तिलाही विसाव्या शतकातल्या या मास्तरांच्या घरात जागा मिळाली. एकांच्या वर्गातून निघणाऱ्या या बहिणींना कापरेकरांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांवर त्यांचा लेख आला आणि पुढच्या वर्षी प्राध्यापक गुंजीकरांच्या जोडीने मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांची उपपत्ती प्रसिद्ध झाली.

हे काम त्या वेळच्या पुष्कळ पंडितांना आवडले नाही. हा आकड्यांचा खेळ, यात गणित कुठे आहे, असे ते म्हणत. कापरेकर गणिताच्या परिषदांना पदरमोड करून जात, आपले निष्कर्ष मांडत, आणि मागच्या बाकांवर हसू फुटे. १९६६ साली पत्नी वारली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. त्या वेळी ते सत्तरीत होते. १९८६ साली ते गेले.

आता एक कबुली देतो. हसणाऱ्यांत मीही होतो. एम. ए. करताना आमच्या एका अध्यापकांनी वर्गात कापरेकरांचे नाव घेतले ते थट्टेनेच, आणि पहिल्या बाकावर बसून मी मोठ्याने हसलो. थोर गणित वेगळे आणि हे वेगळे, हे मला तेव्हा पक्के ठाऊक होते! थोरांचा आधारही होता. रामानुजनांना केंब्रिजला नेणारे हार्डी यांनी १९४० साली आपल्या एका पुस्तकात अशाच चमत्कारांचा समाचार घेतला आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि आकडे उलटे. ९८०१ ही १०८९ ची नऊपट आणि तेही उलटे. कोड्यांच्या सदराला हे ठीक, पण यातून पुढे काही निघत नाही, म्हणून गणित्याला यात रस नाही, असे त्यांचे म्हणणे. हार्डी कापरेकरांविषयी बोलत नव्हते, पण बाण बरोबर इकडेच येतो.

हार्डींचे म्हणणे खोटे नाही. संख्या आपण दहाच्या पटीत लिहितो, कारण हाताला दहा बोटे. आठ बोटे असती तर आकडे निराळे पडले असते आणि अशा पुष्कळ गमती नाहीशा झाल्या असत्या. तेव्हा ही संख्येची गंमत की लिहिण्याच्या रीतीची, हा प्रश्न योग्यच आहे.

परंतु आमच्या फळ्याकडे परत या. तिथे काय घडले? सरकवलेल्या ओळींतले एक आपण मोजले, इतकेच. त्यात दहाचा संबंध कुठे आला? हातचा घ्यावा लागला नाही, एवढ्यापुरताच. आठाच्या पद्धतीने लिहा, सात एकांचा वर्ग करा. १२३४५६७६५४३२१ हेच येते. सहाच्या पद्धतीत पाच एक घ्या. तिथेही तोच घाट, फक्त बुटका. बीजगणितात एक अधिक क्ष अधिक क्षचा वर्ग अशी ओळ मांडून तिचा वर्ग केला की सहगुणक याच क्रमाने चढतात आणि उतरतात. म्हणजे सतरा अंकांचा हा डौल बोटांचा मिंधा नाही. त्याच्या पोटात बीजगणिताचे एक सर्वसाधारण सूत्र आहे आणि ते सातवीच्या मुलाला फळ्यावर दाखवता येते. हे मला एम. ए. झाल्यावर नव्हे, सुरगाण्यात शिकवायला लागल्यावर कळले.

या एकाच संख्येत कापरेकरांच्या आणखी दोन कुळांचा संगम आहे, तोही पाहून घ्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला ते 'हर्षद' म्हणत, हर्ष देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांची संख्या म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९, म्हणून तिच्या वर्गाला नवाच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. हर्षद ठरली.

भाग देण्याऐवजी ८१ ने गुणले तर? नऊ नवांच्या संख्येचा वर्ग मिळतो: ९९९९९९९९८००००००००१. याचे बरोबर मधून दोन तुकडे करा आणि मिळवा. ९९९९९९९९८ आणि १ मिळून ९९९९९९९९९, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत आली. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. लहान उदाहरण हवे तर ४५ घ्या: वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस.

६१७४ ची गोष्ट न सांगता हा लेख पुरा केला तर तुम्ही रागवाल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि जे येईल त्यावर हेच पुन्हा करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे सांगितले. पुढे 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त ते छापून आले. आमची मुले सुरगाण्याच्या स्थानकावर एस.टी.ची वाट पाहत असतात तेव्हा समोरच्या जीपगाड्यांचे आणि मोटारसायकलींचे नंबर घेऊन हा खेळ खेळतात. एस.टी. यायला सात पायऱ्यांहून बराच अधिक वेळ लागतो, त्यामुळे खेळ रंगतो. मी त्यांना कापरेकरांचे जन्मसाल दिले होते. १९०५ पासून निघा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या. १९४९ लाही सातच लागतात. हा योगायोग आहे, त्याला ज्योतिषात नेऊ नका.

त्या जुलैच्या दिवशी तास संपता संपता वीज आली. मुले संगणकाकडे धावली. ती मुलगी फळ्यापाशीच होती. नऊ ओळींच्या खाली तिने दहावी ओळ वाढवली, प्रत्येक ओळीत एकेक एक वाढवला, आणि स्तंभ मोजू लागली. मधल्या स्तंभात दहा आले. शून्य मांडले, हातचा एक. शेजारच्या स्तंभात नऊ होते, त्यात हातचा मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या शेजारी आठ होते, त्यांचे नऊ झाले. पुढे सात, सहा, पाच जसेच्या तसे. तिने उत्तर लिहिले: १२३४५६७९००९८७६५४३२१. मग मागे सरून पाहिले आणि विचारले, "सर, चढताना आठ होता तो कुठं गेला?"

मी खडू तिच्याच हातात राहू दिला.